नागावच्या ओल्या वाळूत पडण्या-उठण्याचे धडे

चाळिशी ओलांडली आणि माझ्या अंगात व्यायामाचं खूळ शिरलं. आता खूळ शिरलं की मी एकटी वेडी होत नाही, अख्ख्या घराला कामाला लावते. नवरा, अकरा वर्षांची लेक इरा आणि आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे माझे आई-बाबा, सगळ्यांच्या मनगटावर मी पावलं मोजणारे पट्टे बांधले. रोज संध्याकाळी घरच्या ग्रुपवर आपापला आकडा टाकायचा, असा हुकूम सोडला. यात बाजी मारली कोणी, तर माझ्या त्र्याहत्तर वर्षांच्या बाबांनी. अँजिओप्लास्टी झालेला माणूस रोज सहा हजार, कधी सात हजार पावलं टाकत होता. भेटेल त्याला मी हे कौतुक सांगत सुटले होते.

म्हणून फेब्रुवारीत इराला जोडून तीन दिवस सुट्टी आली, तेव्हा मी चालण्याचीच सहल ठरवली. नागावला मुक्काम करायचा आणि एका सकाळी समुद्राच्या काठाकाठाने थेट रेवदंडा गाठायचा, आठेक किलोमीटर. बाबांना जमणार म्हणजे सगळ्यांना जमणार, हा माझा हिशेब. नवऱ्याला रजा मिळाली नाही, तो सुटला. आई म्हणाली, एवढं कशाला चालायचं, गाडी करू की. मी तिलाच झापलं. बाबा मनगटावरचा पट्टा चाचपत राहिले.

पहिल्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडली. मांडव्याच्या चकचकीत बोटी वेगळ्या. ही आपली साधी लाँच, शेजारी कोणाची पिशवी, पलीकडे कोणाची मासळीची टोपली, आणि तिकीट दीडशेच्या आत. वेळा भरती-ओहोटीप्रमाणे मागेपुढे होतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करूनच निघा. रेवसला उतरताना धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. बाबांनी आईचा दंड असा काही आवळला की ती कळवळली. मी पुढे सामान घेऊन "चला, चला" करत होते. आता आठवलं की स्वतःलाच एक ठेवून द्यावीशी वाटते.

रेवस ते अलिबाग एसटी, आणि तिथून नागावला मिनीडोर, म्हणजे इथली मोठी रिक्षा. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात. त्या परतताना घ्या, नाहीतर तीन दिवस उगाच ओझं वाहाल. आमचा मुक्काम वंदनाताईंकडे होता, नारळी-सुपारीच्या वाडीतलं घर, माणशी बाराशे रुपये, चहा-नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण धरून. रात्री ताटात वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील. इराने बोंबलांचा असा फडशा पाडला की वंदनाताईंनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुप्पट आणले.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच किनाऱ्यावर गेलो. तुम्हीही लवकरच जा, कारण दहानंतर घोडागाड्या आणि पर्यटकांचा नुसता धुडगूस असतो. सुरूच्या झाडांतून खाली उतरलो, इरा पळत सुटली. आम्ही शंभरेक पावलं गेलो नसू, तेवढ्यात बाबा थांबले आणि चक्क वाळूत बसले. धावत जाऊन विचारलं, छातीत दुखतंय का? त्यांनी मान हलवली, नाही. मग वाळूकडे बघत म्हणाले, "मला एवढं चालता येणार नाही. ती पावलं माझी नव्हती गं, टाळांची होती."

मला काही कळेना, तेव्हा आईनेच उलगडून सांगितलं. बाबा सोसायटीच्या भजनी मंडळात टाळ वाजवतात. मी पट्टा बांधला त्याच संध्याकाळी ते भजनाला बसले, आणि उठले तेव्हा पट्ट्यावर चार हजार पावलं. हात हलला की त्या यंत्राला पाऊल वाटतं. त्यांनी तो आकडा गंमत म्हणून टाकला, तर मी ग्रुपवर टाळ्या आणि लाल बदामांच्या चित्रांचा पाऊस पाडला. मग खरं सांगायची त्यांना लाज वाटली. मंडळ नसेल त्या दिवशी घरीच टाळ घेऊन बसायचे म्हणे. आणि आई त्यांना सामील!

"तू इतकी खूश व्हायचीस," ती म्हणाली. "मग काय करणार आम्ही?"

मी चिडले. खोटं कशाला बोलू, चांगलीच चिडले. तुमच्या भल्यासाठी मी मरमर करते आणि तुम्ही मलाच बनवता, असं म्हातारीकोतारी माणसं समोर असताना बोलू नये ते सगळं बोलले. निदान खाली बागेत दोन फेऱ्या मारायला काय होत होतं, असंही विचारलं.

तेवढ्यात वंदनाताईंचे सासरे, नाना, किनाऱ्यावरची रोजची फेरी संपवून परत येत होते. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पाठ ताठ. बाबांना बसलेलं बघून थांबले आणि म्हणाले, "कोरड्या वाळूत चालू नका, पाय रुततात. खाली वल्या वाळूवर चला, घट्ट हाय ती. आन पडलं तरी लागत न्हाय."

"पडण्याची भीती नाही हो," बाबा म्हणाले. "उठता येत नाही, त्याची आहे."

माझा राग तिथल्या तिथे ओसरला. मग बाबांनी पहिल्यांदाच सांगितलं, गेल्या दिवाळीत भाजी आणायला गेले होते तेव्हा ते चौकात पडले. लागलं काहीच नाही, पण जमिनीवरून उठता येईना. पायात जोरच येईना. लोक गोळा झाले, दोन अनोळखी माणसांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. बाबा घरी आले ते पुन्हा रस्त्यावर म्हणून गेलेच नाहीत. हे तोवर फक्त आईला माहीत होतं. मला सांगितलं असतं तर मी आणखी एक तक्ता करून भिंतीला लावला असता, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. उपदेश वगैरे काही केला नाही. आम्हाला खाली पाण्याच्या कडेला नेलं, धोतर सावरलं आणि सरळ ओल्या वाळूत आडवे झाले. वाडीत शिंपण्याच्या पाटापाशी चिखल असतो, तिथे ते वरचेवर घसरतात आणि आसपास हाक मारायला कोणी नसतं, म्हणून उठायची रीत त्यांनी स्वतःच बसवलेली. आधी कुशीवर व्हायचं. मग दोन्ही हात टेकून गुडघ्यांवर यायचं. मग एक पाय पुढे, त्या गुडघ्यावर हात दाबायचा आणि वर. "घाई न्हाय करायची," एवढंच म्हणाले.

इराने लगेच धपकन पडून बघितलं. मग आई पदर खोचून खाली बसली आणि आडवी झाली. मग मी. गंमत म्हणजे व्यायामाच्या बाबतीत सगळ्या घराला धारेवर धरणारी मीच गुडघ्यावर येऊन अडकले, आणि बाबा उभ्या उभ्या मला सूचना द्यायला लागले. मग त्यांनी टोपी इराच्या हातात दिली. आईने आणि मी दोन्हीकडून धरून त्यांना हळूच खाली टेकवलं.

पहिल्यांदा ते गुडघ्यांपर्यंत आले आणि परत बसले. दुसऱ्यांदा पाय पुढे आला, पण थरथरायला लागला. माझा हात आपोआप पुढे गेला. आईने तो मागे ओढला आणि माझा हात हातातच धरून ठेवला. बाबा थोडा वेळ तसेच, दोन्ही हात वाळूत रोवून थांबले. त्यांना धाप लागली नव्हती, ते बहुधा मनाशी ठरवत होते. तिसऱ्यांदा ते उभे राहिले. विजार पार भिजलेली, तोंडभर हसू. मला रडू फुटलं. लहानपणी मला सायकलवर बसवून मागून धावणारा हा माणूस, आणि गेले कित्येक महिने मी त्याच्याकडे नुसता आकडा मागत होते.

रेवदंडा राहिला. आम्ही ओल्या वाळूवरून समोरच्या नारळपाण्याच्या टपरीपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. बाबा मधे आणखी दोनदा मुद्दाम बसले आणि उठले.

तिसऱ्या दिवशी रिक्षाने चौलला गेलो. दोन्ही बाजूंना वाड्या असलेला रस्ता फार सुंदर आहे, घाईने जाऊ नका. टेकडीवरच्या दत्तमंदिराला पायऱ्या भरपूर आहेत, पाण्याची बाटली सोबत ठेवा. बाबा पहिल्या सावलीपर्यंत चढले आणि म्हणाले, मी इथे बसतो, तुम्ही जाऊन या. एरवी मी "अजून दहाच" म्हटलं असतं. या वेळी त्यांच्याजवळ पिशवी ठेवली आणि गेले. त्याच दिवशी दुपारी कांद्याच्या दोन माळा घेऊन रेवसला लाँच पकडली.

घरी आल्यावर आधी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जरूर करा, फक्त सुरुवातीला जवळ कोणीतरी असू द्या. आता रोज सकाळी सात वाजता आई-बाबांच्या हॉलमध्ये सतरंजी पसरतो आणि नवऱ्यासकट पाचही जण पडतो, उठतो. शेजारच्या काकू एकदा दार उघडं बघून घाबरून आत आल्या होत्या. पावलांचे आकडे मी कोणाला विचारत नाही.

नागाव म्हटलं की लोक समुद्र आणि मासे सांगतात, दोन्ही उत्तमच आहेत. आमच्या घरी त्या सहलीतलं काय उरलं, ते मला गेल्या आठवड्यात समजलं. बाबा न सांगता, एकटेच कोथिंबीर आणायला बाहेर पडले होते. पाऊण तासाने परत आले तर विजारीच्या डाव्या गुडघ्यावर धूळ, कोथिंबिरीची जुडी चेंगरलेली. पडलात का, असं विचारलं तर म्हणाले, हो, पडलो.

"मग उठवलं कोणी?"

बाबा चपला काढत होते. "एकजण आला होता धावत," ते म्हणाले. "त्याला म्हटलं, थांबा जरा, उठतोय मी."