पोरीच्याच हातावर

तो दर महिन्याला बाजाराच्या दिवशी यायचा, आणि त्याचं तोंड दिसू नये म्हणून मी शिलाई मशीन भिंतीकडे वळवून बसायचे. मशीन ओसरीत, तो ओसरीच्या पायरीखाली. पाठ फिरवली तरी कान काही फिरवता येत नाहीत, त्यामुळे सगळं ऐकू यायचंच.

माझा भाऊ आणि वहिनी त्याच्या पिकअपखाली गेले. पोळ्याचा दुसरा दिवस होता. त्या दिवशी आमच्या पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार असते, अलीकडचे आम्ही आणि पलीकडचे सावरगाववाले एकमेकांवर दगड फेकतात, आणि दारूला तर दिवसभर कुणी नाही म्हणत नाही. हे दोघं या गर्दीपासून दूर, तिगावहून मोटारसायकलवर घरी येत होते. तो सौसरकडचा, संत्र्याचे क्रेट वाहणारा, सकाळपासून पीत होता. भाऊ जागेवर गेला. वहिनी दवाखान्यात पोचलीच नाही. त्यांची पोरगी आमच्याजवळ होती म्हणून वाचली. तिला तेव्हा चपलेचा डावा-उजवाही कळत नव्हता.

कोर्टाचं काम कोर्टाच्या चालीने चाललं. ड्रायव्हर प्यालेला होता म्हणून विम्यावाले हात वर करून मोकळे झाले. तो जामिनावर सुटला आणि एक दिवस त्याचा मोठा भाऊ आणि गावातली चार शहाणी माणसं त्याला घेऊन आमच्या दारात आली. त्यांनी शेताचा तुकडा विकला होता. जे आलं ते एकदम देऊन टाकतो, म्हणाले, पोरीच्या नावाने बँकेत ठेवा आणि मिटवा.

माझे बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, कमी बोलणारे. पण त्या दिवशी ते खाटेवरून उठून उभे राहिले.

"एकदम देऊन मोकळा व्हाले पाहून राहिला का तू?" ते त्याला म्हणाले. "हिच्या मायबापानं हिले रोज पोसलं असतं, शिकवलं असतं. थे काम आता तुयं. दर महिन्याले यायचं. सोता यायचं. अन् पैसे मायाजवळ नाही द्यायचे, पोरीच्याच हातावर ठेवायचे. तिच्या तोंडाकडं पाहून."

त्याने हो म्हणून मान हलवली. मला ही शिक्षा जेलपेक्षा चांगली वाटली. जेलमध्ये निदान भिंत असते पाहायला.

पिकअप त्याने विकली. हंगामात संत्र्याच्या तोडणीला जायचा, एरवी गवंड्याच्या हाताखाली. दारू सोडली असं लोक सांगायचे. आता सोडून काय उपयोग, असं मी प्रत्येक वेळी म्हणायचे, अगदी कुणी विचारलं नसलं तरी. एका महिन्यात त्याला ताप होता म्हणून त्याची बायको आली. बाबांनी तिला पायरीवरूनच परत पाठवलं. संध्याकाळच्या बसने तो आला, अंगावर चादर, दात वाजत होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गल्लीतली एक बाई एकदा ब्लाउज टाकायला आली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, पोट्टीले पेन्शन तरी लागली." मी कात्री खाली ठेवली आणि तिला विचारलं, तुमच्या नातीलाही लावून घ्यायची आहे का, मग पाठवा लेकाला आणि सुनेला त्या रस्त्यावर. त्यानंतर ती माझ्याकडे शिवायला आली नाही. नाही तर नाही.

बाबांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त पोरगी वाढणार याचा केला नव्हता. पहिले काही महिने ती माझ्या लुगड्यात तोंड लपवायची. मग हळूहळू हात पुढे करायला लागली. मग दारात उभी राहून वाट पाहायला लागली. आमच्याकडे येणारं होतंच कोण? दुःखाच्या घरी पाहुणे दोन वेळा येतात आणि मग त्यांनाही आपापली कामं असतात. हा मात्र न चुकता यायचा, आणि आला की तिच्याचकडे पाहायचा. बाबांनी तसंच सांगितलं होतं ना.

"आत्या, काका कवा येतीन?" ती मला विचारायची. काका हा शब्द तिला कुणी शिकवला नव्हता. मी दोऱ्याचं टोक दातांनी तोडायचे आणि मशीन पुन्हा चालू करायचे.

आमच्या घरात त्याला कधी पाणी विचारलं नव्हतं. उन्हातान्हात आलेल्या कुत्र्यालाही आम्ही पाणी ठेवतो, पण त्याला नाही. पोरगी पहिलीत असेल, एका दुपारी ती आत गेली आणि पेला दोन्ही हातांनी धरून, सांडत सांडत त्याच्यापर्यंत घेऊन आली. दारी आलेल्याला पाणी द्यायचं हे तिने माझंच पाहून उचललेलं. तो पेला हातात घेऊन तसाच उभा. प्यावं की नाही त्याला कळेना. बाबा खाटेवर बसले होते.

"पी," ते म्हणाले. "लेकरानं देल्लं आहे."

तो प्यायला. त्या रात्री मी बाबांशी भांडले. तिला सांगा, म्हटलं, नाहीतर ही त्याला जीव लावून बसेल आणि एक दिवस शाळेतलं कुणी पोट्टं फटकन तोंडावर बोलेल, मग काय होईल हिचं? बाबा म्हणाले, थांब थोडं. आणि आम्ही दोघंही थांबलो. प्रत्येक वर्षी वाटायचं, अजून लहान आहे. तिला पाचवीतून सहावीत घातलं त्या उन्हाळ्यात बाबांच्या छातीत दुखून आलं. दवाखान्यातून घरी आल्यावर चार दिवसांनी ते मला म्हणाले, "मशीन बंद कर," आणि तिला खाटेवर जवळ बसवलं.

आडवळण न घेता सांगितलं त्यांनी. रस्ता, पिकअप, दारू. आणि मग, तो काका कोण ते. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ती रडली नाही. फ्रॉकच्या काठाचा सुटलेला टाका ती बोटाने उसवत राहिली.

"आई लगेच गेली का?" तिने विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही. वावरातले लोक धावत आले, तवा तो तुया आईजवळ बसून होता. तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. अन् ती काहीतरी बोलून राहिली होती. लोक जवळ येईस्तोवर थांबलं तिचं बोलणं."

"काय बोलून राहिली होती?"

"आमाले नाही माहीत, बेटा. थे त्यालेच माहीत."

मला वाटलं होतं, आता ही त्याचं नाव काढणार नाही. कोंडून घेईल, आदळआपट करेल, पैसे फेकून देईल. त्याची तयारी मी मनात केली होती. तसं काहीच झालं नाही. ती बाजाराच्या दिवसाची वाट पाहू लागली, पूर्वीपेक्षा जास्त. वहिनीबद्दल माझ्याजवळ सांगण्यासारखं जे होतं ते कधीच संपलं होतं. तिला काय आवडायचं, कशी हसायची, भाजीत तिखट किती टाकायची. तेच तेच सांगून मी थकले होते आणि पोरगी ऐकून थकली नव्हती. आता तिला कळलं होतं की आईचं काहीतरी अजून शिल्लक आहे, आणि ते सौसरकडच्या एका माणसाजवळ आहे.

त्या दिवशी तिने सकाळीच केस धुतले. माझ्याकडून घट्ट वेणी घालून घेतली.

तो आला आणि आमच्या चेहऱ्यांवरून त्याला समजलं. तरी त्याने नेहमीसारख्या नोटा पुढे केल्या. तिने हात पुढे केला नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदा मशीनवरून वळून बसले होते.

"काका, माई आई तवा काय म्हणे?"

तो खाली पायरीवर बसला. इतक्या वर्षांत कधी बसला नव्हता.

"मले नाही आठवत," तो म्हणाला.

तिला वाटलं, त्याला कळलं नाही. तिने समजावून सांगितलं, जसं एखाद्या लहान मुलाला सांगावं. "तिचं डोकं तुमच्या मांडीवर होतं ना? तवा. मायं नाव घेतलं का तिनं?"

हो म्हण, मी मनात ओरडले. अरे हो म्हण. इतकी वर्षं तुझ्याशी एक शब्द बोलले नाही, तुझं वाईट व्हावं म्हणून काय काय चिंतलं, पण एवढं एक खोटं बोल, मी तुला सगळं माफ करते. मी त्याच्याकडे डोळे फाडून पाहत होते. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता, बाबांनी सांगितलं होतं तसा.

"मी लय पेलो होतो, बेटा," तो म्हणाला. "सकाळी ठाण्यात जाग आली. तुयी आई मायाजवळ होती, हे बी मले लोकायनंच सांगतलं."

तो रडायला लागला. ती नाही रडली. मग तिने हात पुढे केला, नोटा घेतल्या, माझ्याजवळ आणून दिल्या आणि हळू आवाजात मला विचारलं,

"आत्या, तिथं आणखी कोणीच नव्हतं का?"

नव्हतं, मी म्हटलं.