लस म्हणजे थोडा रोगच

आमच्या घरात दादाच्या आजाराला टीबी म्हणतात. टीबी त्याला होताच, खोटं नाही ते. पण एवढा धिप्पाड माणूस टीबीनं वाळत कसा गेला, असं कुणी विचारलं की आई विषय बदलायची आणि वहिनी उठून मोरीत जायची. एड्स हा शब्द तो असेपर्यंत घरात कुणी तोंडातून काढला नाही. घाटकोपरच्या टेकडीवरची आमची वस्ती, भिंतीला भिंत, एका घरात फोडणी पडली की चौथ्या घरात शिंक. त्यामुळे कुणकुण लागायची ती लागलीच. तोंडावर कुणी बोललं नाही, फक्त आमच्याकडे पाणी प्यायचं बंद झालं.

एकदा शेजारची एक बाई दादाला बघायला आली आणि उंबऱ्यातच बसली. वहिनीनं चहा पुढे केला तर म्हणाली, आत्ताच घेतला गं. माझं डोकं फिरलं. दादाच्या कपात अर्धा चहा उरला होता, तो मी तिच्यादेखत उचलला आणि पिऊन टाकला. ती गेल्यावर वहिनीनं माझा हात धरला. रडत म्हणाली, "ताई, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही." मला ते खरं वाटलं. तेव्हा ते खरंच होतं, असं मी अजूनही म्हणते.

दादा गेला. वहिनीची तपासणी स्वच्छ आली, तिच्या पोराचीही. वर्षं गेली, शेजारपाजारचे लोक बदलले, दादाच्या स्मरणाच्या पुण्यानुमोदनाला जेवायला माणसं पुन्हा पोटभर बसायला लागली आणि टीबी हेच खरं होऊन बसलं. मी लग्न केलं नाही. अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरी करत राहिले, पोराला शिकवलं.

तिथंच आमच्या कँटीनमध्ये एका केंद्राची माणसं बोलायला आली. एचआयव्हीवर लस शोधतायत, ती माणसांना देऊन बघायची आहे, धडधाकट माणसं हवीत. बाकीचे वडापाव खात माना खाली घालून बसले. मी हात वर केला. पुण्य वगैरे काही डोक्यात नव्हतं. त्या उंबऱ्यातल्या बाईचा राग होता, दुसरं काय.

केंद्रातली समुपदेशक मुलगी वयानं लहान, पण चिवट. घरच्या एखाद्या माणसाला घेऊन या म्हणाली, कारण पुढे कधी गरज पडली तर तुमच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी हवं. मी वहिनीला नेलं. त्या मुलीनं आम्हा दोघींना शेजारी बसवून समजावलं. लशीत विषाणू नाही. पोलीस ठाण्यात चोराचा फोटो लावतात, तसा शरीराला नुसता फोटो दाखवायचा. म्हणजे शरीर सावध होतं. पण बाहेरची साधी तपासणी त्या सावधपणालाच रोग समजते आणि पॉझिटिव्ह म्हणते. खरा विषाणू आहे की नाही ते कळायला वेगळी तपासणी लागते, ती आम्ही करू. मग तिनं उलट प्रश्न विचारले, शाळेत विचारतात तसे. फोटो लावला म्हणजे चोर घरात आला का? माझ्याआधी वहिनीच म्हणाली, "नाही, फोटो म्हणजे फोटो."

मी इंजेक्शनं घेतली. दंड दुखला, अंगात कणकण आली, बाकी काही नाही. पुढे ती लस काही कामाची निघाली नाही. चाचणी थांबली, केंद्रानं आम्हाला बोलावून सरळ तसं सांगितलं. मला वाईट वाटलं, पण त्यांनी फसवलं असं मी कधी म्हणणार नाही. खोटं बोलले ते घरचे.

झालं असं की माझ्या पित्ताशयात खडे निघाले. जवळच्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशन ठरलं. त्यांनी न विचारता रक्ताच्या सगळ्या तपासण्या केल्या आणि डॉक्टरनं कॉरिडॉरमध्येच सांगून टाकलं, तुम्ही पॉझिटिव्ह आहात, आमच्याकडे होणार नाही. मी समजावत राहिले, तो घड्याळ बघत राहिला. तिथली आया आमच्याच वस्तीतली. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

आई कॉटवर बसली होती. पुतण्या भिंतीला टेकून, वहिनी स्टोव्हपाशी, दारात दोन शेजारणी. आई म्हणाली, "खरं काय ते सांग."

म्हटलं, काही झालेलं नाही, मी लस घेतली होती म्हणून तसं येतं.

आईनं बाही वर केली. दंडावर देवीच्या लशीचे दोन गोल वण आहेत तिच्या. "ही टोचली तेव्हा हात पिकला, ताप आला," ती म्हणाली. "लस म्हणजे थोडा रोगच असतो गं. थोडा घेतलास म्हणजे घरात आलाच की." मी चोराच्या फोटोचं सांगितलं. तिला ते पटेना. तिच्या दंडावर पुरावा होता, माझ्याकडे काय होतं? मग तीच म्हणाली, "वहिनी गेली होती ना तुझ्याबरोबर? तिला विचारते."

सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं. मला तर हायसं वाटलं.

वहिनी म्हणाली, "मला त्यातलं काही माहीत नाही, आई. मी बाहेर बसले होते."

केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. भांडणात मी अख्ख्या वस्तीला ऐकत नाही, पण त्या दिवशी उठून मोरीत गेले.

दुसऱ्या दिवशी पाणी भरताना मी तिला गाठलं. ती हंड्याकडे बघत बोलली, "पोराचं ठरतंय. एड्सचीच लस का घेतली, असं विचारतील. मग ह्यांचं निघेल. आत्याची भानगड म्हणून लोक विसरतात, बापाचं निघालं तर पोरालाच तपासायला लावतील. साखरपुडा होऊ दे ताई, मग मी स्वतः सांगते आईंना." समुपदेशक मुलगी घरी यायला तयार होती. वहिनी म्हणाली, नको, लोक बघतील. ऑपरेशन त्या मुलीनंच एका मोठ्या हॉस्पिटलात करवून दिलं. वेगळी तपासणीही केली, विषाणू नाहीच. मी गप्प राहायचं कबूल केलं. पोरगा माझाही होता ना.

साखरपुडा घरातच झाला. मुलीकडची माणसं बसली होती, माझी कुणकुण त्यांच्यापर्यंतही गेली होती. त्या दिवसासाठी मीच आणलेले चिनी मातीचे कप काढले होते. वहिनी ट्रे घेऊन आली. सगळ्यांना कप दिले आणि मला कागदी ग्लास. मुलीची आई तो ग्लास बघत होती, माझी आईही बघत होती. मी वहिनीकडे बघत राहिले. तिनं मान वर केली नाही, बशीत बिस्किटं लावत राहिली. चहा गार होईपर्यंत मी तो ग्लास हातात धरून बसले. जीव इतका जळला होता की उठून सगळं सांगावं असं वाटलं. समोर पुतण्या नव्या शर्टात घामेघूम होऊन बसला होता. मी बसून राहिले.

लग्न झालं. सून आली. आईचं ताट-वाटी धुवायला मी हात लावला की आई म्हणायची, राहू दे गं. वहिनी काही सांगेना. शेवटी मी मुलुंडला एक खोली बघितली आणि निघायच्या दिवशी तिला सरळ विचारलं. घरात आम्ही दोघीच होतो. आई विहारात गेली होती, पोरं फिरायला.

"आता कशाला उकरून काढायचं, ताई?" ती म्हणाली. "तुला काही झालेलं नाही, हे मला माहीत आहे ना. मग झालं तर."

तिनं चहा केला होता. मला चिनी मातीच्या कपात दिला होता. मला तो अर्ध्याच्या पुढे जाईना. मी कप खाली ठेवला. तिनं दाराकडे एकदा बघितलं, माझा उरलेला चहा आपल्या कपात ओतून घेतला आणि पिऊन टाकला.