भुईवर झोपणारी लिंगव्वा

लिंगव्वा नव्या उतारूला नाव विचारायच्या आधी त्याचे पाय बघायची. त्यानं दारात उभं राहायचं, तिनं तांब्यानं पायांवर पाणी घालायचं आणि घालता घालता टाचांपासून नखांपर्यंत सगळं निरखून घ्यायचं, हा तिचा शिरस्ता. "नाव काय, कुणी बी कसलं बी सांगतंय. पाय खोटं बोलत न्हाईत," असं तिचं म्हणणं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या पायांकडे बघून ती म्हणाली, "मोटारीनं आलाव. कामधंदा बसून करायचा हाय. अन् बूट दुसऱ्याचं हायेत." तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. बूट थोरल्या भावाचे होते आणि सोलापूर सोडल्यापासून चावत होते. मला तिचा असा राग आला म्हणता!

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी तुळजापूरच्या शाळेत नवा मास्तर म्हणून आलो होतो. गावात सगळ्यात स्वस्त उतरायची जागा कुठली म्हणून मोटारतळावर विचारलं, तर चहावाल्यानं देवळाच्या वरच्या अंगाच्या गल्लीकडे बोट केलं. तुळजापुरात यात्रेकरू आपापल्या पुजाऱ्याच्या घरी उतरतात, वाडवडिलांपासून घरं ठरलेली असतात. ज्यांना पुजारी नाही, किंवा ज्यांच्या पुजाऱ्याकडे जागा नाही, ते लिंगव्वाकडे यायचे. बांगड्या विकणारे, कचेरीत खेटे घालणारे, कर्नाटकातून बैलगाडीनं आलेले. चार खोल्या, सात बाजा, मागं परस आणि एक आड, एवढा तिचा पसारा. ती स्वतः आळंदकडची लिंगायत. नवरा तरणाताठा गेला, मूलबाळ नाही. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि बोलताना मराठीत कानडी कधी शिरे ते तिचं तिलाच कळत नसे.

पाय धुऊन मी आत गेलो तर खोली रिकामी. विचारलं, "बाज कुठाय?"

"परसात. उभी करून ठिवलीया."

"मग टाका की आत."

"आता न्हाय. आई निजलीया."

मला वाटलं, हिची म्हातारी आई आजारी असेल. मी आवाज खाली आणून विचारलं, "कधीपासून?" तर ती म्हणाली, "कालच्या अष्टमीपासनं. आता अमुशेपातुर भुईवर पडायचं."

मग उलगडा झाला. भाद्रपदात, नवरात्राच्या आधी, तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. महिषासुराशी झुंजायचं, त्याआधीची ही झोप. ते आठ-नऊ दिवस गावातले पुष्कळ लोक बाज-गादी वापरत नाहीत. लिंगव्वा तर सातही बाजा परसात भिंतीला टेकवून उभ्या करायची. मी तेव्हा वर्तमानपत्रं वाचणारा, प्रत्येक गोष्टीवर मत असलेला प्राणी. मी म्हणालो, "अहो, तुमचा देव तर गळ्यात आहे. तुम्हाला हे कशाला?"

"माझा देव गळ्यात हाय, पर गाव आईचं हाय. जिच्या घरात ऱ्हायचं तिच्या रीतीनं ऱ्हावं. आई पलंगावर असली तर लेकरांनी भुईवर पडावं, त्यात तुमचं काय झिजतंय, मास्तर?"

माझी पाठ झिजत होती. पण हे तिला कोण सांगणार? आठ दिवस फरशीवर घोंगडं टाकून काढले आणि अमावास्या झाली की दुसरी जागा बघायची असं ठरवलं. अमावास्या झाली आणि मी पुढं सहा वर्षं तिथंच राहिलो.

राहिलो याचं कारण तिची माया, दुसरं काही नाही. ती माया तोंडानं कमी आणि ताटातून जास्त यायची. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर दही, "खावा. शिकलेल्या मानसाला भूक लई, पर लाजंनं मागत न्हाय." मला हिवतापानं धरलं तेव्हा तिनं पंधरा दिवस हुलग्याचं माडगं पाजलं. मी तोंड वाकडं केलं की "साकु, साकु! पुरं झाली थेरं!" म्हणून वाटी ओठाला लावायची. उतारूंशी मात्र वाघीण. एकदा ऐन झोपेच्या दिवसांत बार्शीकडचा एक सरकीचा व्यापारी आला. चांगला गलेलठ्ठ. भुईवर झोपणार नाही म्हणून अडून बसला. लिंगव्वा शांतपणे म्हणाली, "असं करा. खाली देवळात जावा, आईला उठवा, अन् मग बाज मागा. म्या गादी बी देते." तो बिचारा मुकाट्यानं घोंगडं पसरून पडला आणि असा घोरला की शेजारच्या खोलीत रात्रभर जागलेल्या माणसांनी सकाळी त्याला कोपरापासून हात जोडले.

हसण्याचे दिवस संपले ते राज्य गेलं त्या वर्षी. आधी रझाकारांची भीती होती. लोक पोरीबाळी पाहुण्यांकडे, सोलापूर-बार्शीला पाठवत होते. मग हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं सरकार चार-पाच दिवसांत कोसळलं आणि भीतीनं घर बदललं. ज्यांनी दहशत घातली होती त्यातले बरेच पळून गेले, आणि ज्यांनी कुणाचं वाकडं केलं नव्हतं ती मुसलमान घरं आतून कडी लावून बसली.

आमच्या शाळेत उर्दू शिकवणारे करीममास्तर त्यातलेच. हडकुळा, हळू बोलणारा माणूस. जवळच्या एका वाडीत राहायचे. त्या वाडीत दोन घरं पेटवली गेली, तेव्हा ते बायकोला घेऊन पायी पायी माझ्याकडे आले. बायको जुलेखा, दिवस भरत आलेले. करीममास्तर म्हणाले, "रस्ते निवले की सोलापूरला मेव्हण्याकडं जातो. तोवर कुठं जागा?" मी त्यांना लिंगव्वापुढं उभं केलं.

लिंगव्वानं तांब्या आणला. आधी करीममास्तरांच्या पायांवर पाणी घातलं, मग जुलेखाच्या. तिचे पाय सुजून घोट्यापाशी गोल झाले होते, बोट दाबलं तर खळगा पडत होता. लिंगव्वा बराच वेळ खाली बघत राहिली. मग नाव न विचारता म्हणाली, "आत ये, बाई."

नेमकी त्याच दिवशी अष्टमी होती. बाजा सकाळीच परसात गेल्या होत्या. लिंगव्वानं आतल्या खोलीत घोंगडं घातलं, वर आपली वाकळ, तिच्यावर आणखी एक वाकळ. पण भुई ती भुईच. भाद्रपदातल्या पावसानं फरशी ओल धरून होती. जुलेखाला खाली बसता येईना, बसली तर उठता येईना. "मौसी, जरा हात दो," एवढंच तिचं बोलणं दिवसभर ऐकू यायचं. लिंगव्वा हात द्यायची, पाय चेपायची, माडगं पाजायची, आणि परसाच्या दारापर्यंत जाऊन परत यायची. असे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी जुलेखा भिंतीला धरून उठायला गेली आणि हात निसटून गुडघ्यांवर आली. तशीच दोन्ही हात भुईला टेकून थांबली. ओरडली नाही, रडली नाही. लिंगव्वानं ते दारातून बघितलं. तशीच मागं फिरली, परसात गेली आणि एवढी मोठी बाज एकटीनं डोक्यावर घेऊन आली. मी आणि करीममास्तर धावलो, तर "सरका!" म्हणून आमच्यावरच खेकसली. बाज टाकली, जुलेखाला वर घेतलं आणि तिच्या पाठीखाली उशी सारताना "अय्यो शिवा, अय्यो शिवा" म्हणत राहिली.

झोपेच्या दिवसांत परसातली एक बाज कमी झाली, हे तुळजापुरात लपणार कसं? दुपारी तिघंजण आले. दोघं गल्लीतले, आणि पुढं आबा पुजारी. आबा वयानं मोठे, गावात त्यांच्या शब्दाला मान. त्यांच्या घरात न मावलेले यात्रेकरू ते लिंगव्वाकडे पाठवायचे आणि तिचं पोट मुख्यतः त्यावर चालायचं. मी दारात होतो. 

"लिंगव्वा, घरात बाज टाकलीया म्हणं?" आबांनी विचारलं.

"टाकलीया."

"कुणासाठी?"

"पोटुशी बाई हाय. दिस भरल्यात."

"कुणाची कोण?"

मी मनातल्या मनात हात जोडले, बाई, सांग काहीतरी, सांग भाची आहे. पण लिंगव्वा म्हणाली, "करीममास्तरांची बायको."

मागच्या दोघांत चुळबुळ झाली. एकजण म्हणाला, "आईच्या झोपंचा नेम मोडला, अन् त्यो बी असल्या मानसांसाठी?"

लिंगव्वानं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती आबांना म्हणाली, "आबा, आई झुंजायच्या आधी निजती, म्हणून तुमी तिला पलंग देताव. ही बी झुंजायलाच चाललीया. तुमी आत जावा अन् तुमच्या हातानं तिला खाली उतरवा. म्या आडवी येत न्हाय."

आबा आत गेले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले, आत एकवार बघितलं आणि मान फिरवली. जुलेखानं पदर तोंडावर ओढून घेतला होता. आबा म्हणाले, "मी काय बघितलं न्हाय, अन् ह्यांनी बी बघितलं न्हाय. पर लिंगव्वा, आता मी तुझ्याकडं मानसं धाडू शकणार न्हाय. माझं बी घर आईच्या जिवावर चालतं." मागच्या दोघांना पुढं घालून ते निघून गेले. त्या घराला पुढं कुणाचा त्रास झाला नाही. आबांचा शब्दच तसा होता.

चार दिवसांनी, भर दुपारी, मुलगी झाली. चांगली दणदणीत रडली. लिंगव्वानं पोरीचे पाय हातात घेऊन बघितले आणि म्हणाली, "लई चालणार हाय ही." बाळंतिणीचे चाळीस दिवस झाल्यावर करीममास्तर बायको-पोरीला घेऊन सोलापूरला गेले. पुढं तिकडंच स्थिरावले. वर्षाला एक पत्र यायचं, ते मी वाचून दाखवायचो.

नवरात्र लागलं, बाजा परत खोल्यांत आल्या. पण लिंगव्वा आपल्या बाजेवर गेली नाही. उन्हाळा, पावसाळा, थंडी, ती भुईवरच. गावाला अर्थ उघडच दिसत होता. नेम मोडला, म्हणून बाई प्रायश्चित्त घेते. बायका तिच्या पाया पडू लागल्या. दोन वर्षांनी आबा पुजारी स्वतः आले, म्हणाले, "फिटलं गं आता, आई मायाळू हाय. वर झोप." ती नुसती हसली. त्या वर्षीपासून त्यांची माणसं पुन्हा तिच्याकडे उतरू लागली आणि चारही खोल्या पहिल्यासारख्या भरल्या. कुणी फारच खोदून विचारलं तर ती म्हणायची, "माझं माझ्यापाशी."

माझी बदली धाराशिवला झाली. लग्न, मुलं, संसार. जाणं-येणं कमी होत गेलं. एका पौषात निरोप आला की लिंगव्वा फार थकली आहे. मी दुपारच्या गाडीनं गेलो. बघतो तर अंगावर मांस नाही, खोकल्यानं छाती भरलेली, आणि बाई गारठलेल्या फरशीवर घोंगडं घालून पडलेली! बाज शेजारीच होती, रिकामी. माझा संयम सुटला. मी म्हणालो, "लिंगव्वा, हद्द झाली तुमची! एक नेम मोडला, त्याला किती वर्षं झाली? देवीनं कधीच माफ केलं असेल!"

तिनं मला जवळ बसवलं. माझा हात हातात घेतला. तिचा तळवा तव्यासारखा तापला होता. म्हणाली, "मास्तर, नेम मोडला म्हणून म्या भुईवर झोपत न्हाय. दोन दिस पाळला म्हणून झोपते."

ती थांबत थांबत बोलत राहिली, "आल्या आल्याच कळलं होतं मला, हिला भुई सोसायची न्हाय. परसातल्या बाजा दिसत हुत्या. तरी दोन दिस म्या गावाला भ्याले, आबाला भ्याले. अन् नाव मातर आईचं केलं. ती पोरगी हात मागायची, म्या हात द्यायची. बाज न्हाय दिली."

"पण झालं काय शेवटी? काही नाही! मुलगी ठणठणीत आहे, जुलेखा ठणठणीत आहे," मी म्हणालो.

"ते तिचं नशीब. त्यात माझं काय?"

तिला खोकल्याची उबळ आली. मी पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवताना ते माझ्या ध्यानात आलं आणि माझा हात तिथंच थांबला. ते दोन दिवस मीही त्याच घरात होतो. भिंतीपलीकडच्या खोलीत. या नेमाची दरवर्षी थट्टा करणारा, वर्तमानपत्रं वाचणारा मी. "मौसी, जरा हात दो" हे मीही ऐकत होतो. परस माझ्याही खोलीतून दिसत होतं. दुसऱ्याचं घर, दुसऱ्याचा नेम, आपण कशाला बोला, आणि बोललो तर ती आपण आणलेल्या माणसांना बाहेर काढेल, असं म्हणून मी गप्प पडून होतो. लिंगव्वाला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण इतक्या वर्षांत तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. त्या दिवशीही नाही. उलट म्हणाली, "गाडी चुकंल तुमची. दही-भाकरी खाऊन जावा."

मी खाल्लं आणि निघालो. आठ दिवसांत ती गेली. लिंगायतांच्या रीतीनं तिला बसवून माती दिली, आबांच्या घरच्यांनीही मूठ मूठ टाकली. गावात आजही तिचं नाव निघालं की लोक म्हणतात, देवीचा नेम मोडला म्हणून जन्मभर भुईवर झोपली ती लिंगव्वा. मी दरवेळी त्यांना खरं सांगतो. फक्त माझे दोन दिवस सांगत नाही, ते आज पहिल्यांदा लिहिले. आणि त्या दोन दिवसांसाठी मी एक दिवसही भुईवर झोपलेलो नाही.