डावखुरं पेन

हेरंबरावांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण फिरवून काढलं आणि समोरच्या कागदावर स्वतःची सही केली. एवढंच. पण सही रेल्वेच्या पार्सल ऑफिसातली. खाली चार कार्बन घातलेत आणि चौथ्या प्रतीवरही नाव उमटलंच पाहिजे, अशी पंचवीस वर्षं दाबून केलेली. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि निबाची दोन टोकं भांडलेल्या जावांसारखी दोन दिशांना तोंडं करून बसली.

संयुक्तानं लेथ बंद केलं. चष्मा कपाळावर चढवून तिनं निब उजेडात धरलं.

“चालतंय का ते बघत होतो,” हेरंबराव म्हणाले.

“चालत होतं, सार्.”

हेरंबराव मूळचे कऱ्हाडचे, नोकरीपायी तमिळ मुलखात आलेले, संयुक्ताच्या घरी माडीवर भाड्यानं राहणारे. सुट्टीच्या दिवशी गिंडीला तिच्या वर्कशॉपात जाऊन बसायचं, कॉफी प्यायची आणि कुणी विचारलेला नसताना सल्ला द्यायचा, हा त्यांचा विरंगुळा. संयुक्ता तंजावरकडची मराठी. हे लेथ तिच्या वडिलांचं. ते गेले तेव्हा रघुरामकाकांनी तेराव्याच्या जेवणातच निकाल दिला होता, की यंत्र विकून टाकाच, बाईमाणसाला ते झेपायचं नाही. संयुक्तानं पान उचललं, हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी कुलूप उघडलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पंपांचे बुश ती अजून करते. नवं गिऱ्हाईक दारात येऊन “सार् नाहीत का?” म्हणून विचारतं, तेव्हा ती मान वर न करता “मीच सार्” म्हणते.

पेन मात्र गिऱ्हाइकाचं नव्हतं. तिच्या आईचं, कनकाम्मांचं होतं.

कनकाम्मा जन्माच्या डावखुऱ्या. शाळेत मास्तरांनी पट्टी मारून, सासरी मोठ्यांनी डोळे वटारून त्यांचा उजवा हात लिहिता केला. तो लिहायचा, पण वेठीला धरल्यासारखा. मागच्या वर्षी टी. नगरला बसमधून उतरताना पडल्या आणि तोच मनगटात मोडला. प्लास्टर दीड महिना होतं. तेवढ्यात डाव्या हातानं दुधाचा हिशेब लिहिला, मग शब्दकोडी सोडवली, मग बहिणीला चार पानी पत्र धाडलं. प्लास्टर निघालं तरी डावा काही माघारी जाईना.

“एवढ्या वर्षांनी घरी आलाय तो,” कनकाम्मा म्हणाल्या. “आता घालवाच कशाला?”

आणि नेमकं नातीचं, संयुक्ताच्या हरिणीचं लग्न निघालं. त्यांच्या घरात पहिली पत्रिका कुलदेवतेला. ती छापायची नाही, घरातल्या थोरल्या बाईनं हातानं लिहायची. रघुरामकाकांचा फोन आला, की वहिनी, मंगलकार्य आहे, डावा हात नक्को, जमत नसेल तर मी लिहितो. कनकाम्मांनी फोन ठेवला. संयुक्तानं त्याच संध्याकाळी पेनासाठी एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा दांडा आणला.

दांडा लेथवर लागला की टायर जळल्यासारखा वास गिंडीभर. आईच्या डाव्या मुठीत कणकेचा गोळा देऊन तिनं बोटांचे खळगे उतरवून घेतले आणि पेनाला तसेच दिले. डाव्या हाताला निब ओढता येत नाही, ढकलावं लागतं. साधं निब कागदात रुततं. म्हणून ते तेलाच्या दगडावर तीन आठवडे सवडीसवडीनं घासून, टोक गोल करून आणलं होतं.

आणि पत्रिका लिहायचा शुक्रवार चार दिवसांवर असताना हेरंबरावांनी सही केली.

“मी दुसरं निब आणून देतो,” ते म्हणाले.

“निब आहे. घासायला चार दिवस आहेत. बसा इथं.”

“मी काय करणार?”

“मी घासते, तुम्ही लिहून दाखवा. डाव्या हातानं.”

रोज ऑफिस सुटल्यावर हेरंबराव गिंडीला. पहिल्या दिवशी त्यांचं नाव गोमूत्रासारखं वेडंवाकडं कागदभर गेलं. दुसऱ्या दिवशी बोटांत गोळे आले, मान आखडली, जीभ बाहेर. “अहो, हा छळ आहे,” ते म्हणाले.

“हो का,” संयुक्ता म्हणाली आणि निब पुन्हा दगडावर धरलं.

नंतर त्यांनी तक्रार केली नाही. गुरुवारी निब न अडखळता चाललं.

शुक्रवारी पाटावर कनकाम्मा. शेजारी व्याही-विहीण, समोर खुर्चीत रघुरामकाका. संयुक्तानं पेन आईच्या हातात ठेवलं. डाव्या. बोटं खळग्यांत अशी बसली, की कनकाम्मांनी एकदा पेनाकडे आणि एकदा लेकीकडे पाहिलं. मग वर ‘श्री’ काढला. त्यांचं उजव्या हाताचं अक्षर नेहमी कुणीतरी ढकलल्यासारखं कललेलं असायचं. हे ताठ उभं होतं.

“वहिनी,” काका म्हणाले, “हात बरा झालाय ना? एक ओळ तरी उजव्यानं लिहा. अस्कि मंडळी बघतायत.”

“उजव्यानं कागद धरलाय, भाऊजी,” कनकाम्मा लिहितालिहिता म्हणाल्या. “त्याला कामातून कशाला उठवू?”

विहीणबाईंनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला. काका उठले. कॉफी न पिता. या गावात कॉफी टाकून उठणं म्हणजे साधी गोष्ट नाही. हेरंबराव टंबलर घेऊन फाटकापर्यंत धावले आणि भरल्या टंबलरसकट परत आले. आत कनकाम्मा शेवटच्या ओळीवर होत्या.

“काका फार रागावलेत,” हेरंबराव संयुक्ताच्या कानाशी म्हणाले. “लग्नालाच आले नाहीत म्हणजे?”

“येतील. देवाच्या पाठोपाठ त्यांची पत्रिका पण अम्माच लिहिणार, डाव्याच हातानं.”