टेपवर न राहिलेली थोरली

लढाईच्या काळात बायकांनी केलेलं काम हा माझ्या अभ्यासाचा विषय. एकाहत्तरला कारंज्याच्या बायका एका धर्मशाळेत जमून जवानांसाठी स्वेटर, मफलर विणत. त्यातल्या बहुतेकींनी तोवर विणायची सुई हातात धरली नव्हती. एका जैन दुकानदाराच्या बायकोने त्यांना शिकवलं. वीसेक वर्षांपूर्वी मी टेपरेकॉर्डर घेऊन या बायकांना गावोगाव शोधत फिरलो. आता त्यातल्या फार थोड्या उरल्यात. मी एकटा राहतो. संध्याकाळी कॅसेट लावली की घर त्यांच्या आवाजांनी भरतं, पण त्यातला एकही आवाज मला जेवायला बोलावत नाही.

गेल्या हिवाळ्यात धनजहून एका बाईंचा फोन आला. त्यांची आई त्या विणणाऱ्यांपैकी एक. महिन्यापूर्वी वारली होती.

"सर, आईचा आवाज हाये म्हंते तुमच्यापाशी. आमच्यापाशी निरे फोटो हायेत."

मी कारंज्याहून एसटीने धनजला गेलो. ओसरीवर बसून टेप लावली. आवाज ऐकताच बाईंनी तोंडाला पदर लावला, मग हसल्या. "अशीच बोले. भांडल्यावानी."

टेपवर काकू, म्हणजे त्यांची आई, सांगत होत्या, पहिला मफलर इतका लांब झाला की दोन जवानांना पुरला असता. मग म्हणाल्या, "तवा माही पोरगी..." आणि खट्. पुढे माझा आवाज: "बरं, लोकर कोण आणून द्यायचं?"

तिथे मी टेप बंद केली होती. बोलणं घरच्या गोष्टींकडे वळलं की मी नेहमी तसंच करायचो. कॅसेट वाया जाऊ नये म्हणून.

"मी तं तवा जलमलीच नव्हती," बाई म्हणाल्या. "हे थोरलीचं हाये, सर. लहानपनीच गेली ते. आईनं घरात कधी तिचा विषय काढला नाई. तुमाले सांगतलं? काय सांगे?"

मला एक शब्दही आठवत नव्हता. बाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"लोकरीचा गुंडा घेऊन धर्मशाळेभर पळायची म्हणे," मी म्हणालो. "साऱ्या बायका तिच्या मागे."

त्यांनी ते मला पुन्हा सांगायला लावलं. मग मंगरूळपीरच्या भावाला फोन लावून सांगितलं. निघताना म्हणाल्या, "पुस्तकात लिवजा, सर."

पुराव्याशिवाय एक ओळ लिहिली म्हणून मी विद्यार्थ्यांचे प्रबंध परत पाठवले आहेत. ते वाक्य मी प्रकरणात घातलं, खोडलं, पुन्हा घातलं. कोणाला विचारावं, तर घरात कोणी नव्हतं. शेवटी मीच धनजला फोन केला.

"ताई, थोरलीचं ते मी मनचं सांगितलं. काकू काय बोलल्या होत्या, मला आठवत नाही."



"काहून केलं असं, सर?"

"तुमच्याकडे पाहून नाही म्हणवलं नाही."

"अन् टेप कायले बंद केली होती?"

मी टेबलावरची कॅसेट डबीत घातली.

"पुस्तकात नका टाकू," त्या म्हणाल्या. "पन माह्या भावाले सांगू नका. परवा आईच्या मासिक श्राद्धाले त्यानं थोरलीच्या नावानं बी पान वाढलं. पयल्यांदाच."

फोन त्यांनीच ठेवला.