पांदणीची एक ओळ

भाजीवाल्या घरातली गीतांजली इंजिनिअर झाली, म्हणून शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्याची मागणी अकोल्यात बांधकाम विभागाच्या साहेबांपुढे मांडायचं काम बार्शीटाकळीकडच्या गावकऱ्यांनी तिच्यावर टाकलं. गावातल्या वामनरावांनी लिहून दिलेल्या बावीस ओळी तिनं स्लाइडवरून उडवल्या. चिखलात रुतलेल्या, पालकाच्या जुड्यांनी भरलेल्या गाडीचा फोटो ठेवला आणि खाली एकच ओळ: 'पांदण नाई, तं भाजी नाई.'

"बाकीचं कावून खोडलं वं?" वामनराव कुजबुजले.

"काका, साहेब वाचत बसले तं आपलं आयकतीन कवा?"

साहेबांनी आठ्या घातल्या. "भाषा शुद्ध करून आणा."

"त्यानं चिखल वाळते का, साहेब?" गीतांजली म्हणाली. "शेवटच्या खुर्चीवरून बी हे वाचता येते. ओळ बदलणार नाही."

साहेब फोटोकडं पाहत राहिले. "किती लांब आहे ही पांदण?"

स्लाइडवर आकडा नव्हता. वामनराव ताडकन उठले, "दीड किलोमीटर! चालून पाहा, साहेब!"