त्या वळणावर काय झालं असेल

लग्न होऊन गोरेगाव या छोट्या गावी आले तेव्हा शेजारची वहिनी माझी पहिली मैत्रीण झाली. तिच्या नवऱ्याचं बाजारात कापडाचं दुकान होतं. घरात सासू आणि पहिलीत जाणारी मुलगी. नव्वदीच्या अखेरीस त्यांनी जुनी मारुती घेतली. वहिनी हरखून मला म्हणाली, "आता माहेरी जायला जीपमधी चेंगरून घ्यायचं न्हाई बाई."

तिचं माहेर शिरड शहापूरचं. त्या वर्षी भाऊबीजेला तिघं गाडीनं गेले. सासू घरीच राहिली. भावाला ओवाळलं, जेवणं झाली आणि दिवस कलताना ते परत निघाले. वाटेतलं औंढा गाव मागं पडल्यावर एका वळणावर गाडी कडेच्या कडुलिंबाला धडकली. कुणीच वाचलं नाही.

मग गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तर्क. एक म्हणे टायर फुटला, दुसरा म्हणे पुरणपोळीच्या जेवणानं डोळा लागला. कुणी म्हणालं, समोरून ट्रक आला असेल. "गाडीत नवरा-बायकोचं वाजलं असेल," असंही एकजण चहाच्या हॉटेलात बोलला, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्या गावानं जणू डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

हे बोलणं दोन्ही घरांपर्यंत गेलं. वहिनीचा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "रात्रभर राहा म्हणून हात जोडले मी. दाजींनी ऐकलं न्हाई. सकाळी दुकान उघडायचं होतं त्यायला." हे सासूच्या कानावर आलं तेव्हा ती माझ्यापाशी रडली. "माझ्या लेकाला बोल लावतात व्हय? सुनेनंच हट्ट धरला होता. यंदा भाऊबीजेला जायचंच म्हणून."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दोघांच्याही जागी मला तेच वाटलं असतं. एवढं मोठं दुःख नुसतं कसं उचलायचं? कुणाचा तरी दोष सापडला, तर त्याला धरून रडता तरी येतं.

तेरवीला माहेरची माणसं आली, पण वेगळी बसली. जेवणं उरकत आली तेव्हा दारात एक धनगर उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, वय झालेलं. पत्ता विचारत विचारत आला होता.

"मी तिथंच मेंढरं चारत होतो," तो म्हणाला. "मेंढरं रस्ता वलांडताना त्यायनं गाडी थांबवली. हार्न न्हाई मारला. पोरगी म्हणली, मला पिल्लू दाखवा. मी कोकरू काचेपाशी धरलं, तिनं हात लावला."

सासूनं विचारलं, "भांडून राहिले होते का रे दोघं?"

"न्हाई माय. हसत होते. बाई म्हणली, ह्ये कोकरू घरी न्यायचं का? तो म्हणला, आधी तुझ्या सासूला इचार."

"मग? मग काहून झालं रे असं?"

"माझी तिकडं पाठ होती, माय. मेंढरं खाली उतरवत होतो. आवाजच ऐकला. खोटं काहून सांगू?"

सासूच्या तोंडून हुंदक्यातच हसू फुटलं. "मला इचारलं असतं तर हो म्हणले असते मी," ती म्हणाली. पलीकडे बसलेली वहिनीची आई उठली आणि विहिणीच्या गळ्यात पडली. भाऊ मान खाली घालून धनगरासाठी ताट वाढायला आत गेला.

वहिनीची आई त्या दिवशी गेली नाही. महिनाभर राहते म्हणाली आणि मग पुष्कळ वर्षं राहिली. भाजीतल्या मिठावरून त्या दोघी भांडायच्या, ते भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

पुढं रस्ता रुंद झाला, ते झाड गेलं. मी एसटीनं तिथून जाते तेव्हा मन अजून तर्क करतं. पोरगी मागून काही म्हणाली असेल आणि त्यानं क्षणभर वळून पाहिलं असेल. किंवा मावळता सूर्य डोळ्यांवर आला असेल. किंवा खरंच टायर. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "इथंच झालं होतं ना ते? कशानं?" तर मी म्हणते, "माहीत नाही."